कल्ला उघडून वास घेणाऱ्या शांताअक्का

शांताअक्कांच्या पंच्याहत्तरीच्या अंकात मीही लिहावे, असा निरोप समितीकडून आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणून कळवले. माझे शिक्षण सहावीपर्यंतचे. या अंकात लिहिणारे बाकीचे लोक अक्कांच्या शाळेतले शिक्षक, त्यांचे विद्यार्थी, शिकलेसवरलेले. त्यात माझ्या हातून काही चुकले, कोणाचे नाव राहिले, कोणाला एखादा शब्द लागला, तर ते छापून कायमचे राहणार. ही भीती मी घरी बोलून दाखवली. माझी पत्नी कौसल्या मासोळीचे टोपले धूत होती. ती म्हणाली, "तुमाले कायचं भेव नाई वाटत ते सांगा. बाकी साऱ्याचंच वाटते." मग लिहायला बसलो. चूकभूल सर्वांनी पोटात घालावी.

अक्कांचे माहेर सिरोंचाचे. घरची भाषा तेलुगू, म्हणून गावाने त्यांना बाई किंवा ताई न म्हणता अक्काच म्हटले. लग्न होऊन त्या वैनगंगेकाठच्या आमच्या गावी आल्या, मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. मी ढिवर मोहल्ल्यातला, जाळे टाकणारा, पुढे मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष झालेला माणूस. अक्कांना मी लांबूनच ओळखत होतो. शाळेच्या फाटकात उभ्या राहून उशिरा येणाऱ्या मुलींकडे त्या नुसत्या पाहत, आणि मुली पळू लागत, एवढेच मला माहीत होते.

खरी ओळख झाली ती रविवारच्या बाजारात. निवृत्त झाल्यावर अक्का स्वतः मासोळी घ्यायला येऊ लागल्या होत्या. कौसल्या टोपले घेऊन बसली होती आणि मी मागे जाळ्याच्या गाठी पाहत होतो. अक्कांनी एक रोहू उचलला, बोटाने कल्ला उघडला, नाकाजवळ नेला आणि परत टोपल्यात ठेवला.

"ताजी हाये जी अक्का. आज पहाटचीच हाये," कौसल्या म्हणाली.

"ताजी आहे. कल्ला लाल आहे. पण वास घे."

"मासोळीले मासोळीचाच वास येन नं."

"हा नालीचा वास आहे, कौसल्या."

मी उठलो. म्हणालो, "अक्का, हळू बोला जी. चार लोक आयकून राह्यले."

"मी हळूच बोलले, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण लोकांनाही नाक आहे."

आणि मासोळी न घेता त्या निघून गेल्या. मला फार राग आला. रागापेक्षा धास्ती जास्त होती, कारण त्या बोलल्या ते खरे होते. गावाच्या वरच्या वार्डांतल्या साऱ्या नाल्या एका नाल्याला मिळत आणि तो नाला आमच्या मोहल्ल्याशेजारून नदीत पडे. घरोघरी संडास झाले होते ही चांगली गोष्ट, पण पुष्कळांनी संडासच्या टाकीचे पाणीही नालीतच सोडले होते. उन्हाळ्यात धार बारीक झाली की घाटाजवळचे पाणी काळे पडे. बाजारात आमच्या बायकांच्या मागे लोक 'नालीची मासोळी' म्हणू लागले होते. एकदा का तो शब्द चिकटला असता, तर मोहल्ल्यातल्या चुली कशावर पेटल्या असत्या? माझ्या मनात दिवसभर तेच चाले.

दोन-तीन दिवसांनी अक्का आमच्या घरी आल्या. मला वाटले, भांडायला आल्या. त्यांनी पिशवीतून एक पुडी काढली आणि माझ्यासमोर धरली. आत सुकवलेले झिंगे होते. "वास घ्या," म्हणाल्या. मी घेतला. वास ओळखीचा होता.

तेव्हा त्यांनी सांगितले की त्यांची धाकटी बहीण पद्मा, गोदावरी समुद्राला मिळते तिकडच्या एका खेड्यात दिलेली आहे. तिथले लोक खाडीत झिंगे धरतात. पद्माताई दरवर्षी वाळवलेले झिंगे अक्कांना पाठवतात. काही वर्षांपूर्वी त्या झिंग्यांना हा वास येऊ लागला, आणि तिकडचा व्यापारी माल परत करू लागला. मग पद्माताई आणि त्यांच्या गावच्या बायकांनी मनावर घेतले. खाडीत पडणाऱ्या आपल्या गल्ल्यांच्या नाल्या अडवल्या, घरोघरी शोषखड्डे खोदले, टाक्यांची तोंडे खाडीतून काढली. खाडी थोडी निवळली. पण पुराच्या पाण्याबरोबर वरून घाण येतच राहिली.

"पद्मा मला फोनवर म्हणाली, आम्ही आमचं दार लावलं अक्का, पण वरून येतं त्याचं काय?" अक्का म्हणाल्या. "मी विचार करत बसले, वर म्हणजे कोण? भाऊ, वर म्हणजे मी."

मी म्हणालो, "आपली नाली तेथवरी काय जाते जी? येवढी मोठी नदी हाये."

"समुद्र त्याहून मोठा आहे. तिथले लोकही असंच म्हणत होते."

मी जन्मापासून या नदीवर आहे. वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंचाकडे गोदावरीत जाते, हे मला माहीत होते. पण त्यापुढे माझ्या मनातली नदी संपत होती. त्यापुढेही कोणी टोपले घेऊन बाजारात बसते आणि तिच्या मालाला कोणी नाक मुरडते, हे मला अक्कांनी त्या दिवशी दाखवले.

अक्कांचा विचार असा होता. नाल्याच्या काठी आमच्या सोसायटीची तीन जुनी तळी होती. पूर्वी त्यांत मासोळीची बोटुकली, म्हणजे लहान पिल्ले वाढवत. ती तळी पडीक होती. नाल्याचे पाणी आधी पहिल्या तळ्यात घ्यायचे, तिथे गाळ बसेल. दुसऱ्यात कर्दळ आणि लव्हाळा लावायचा, त्यांची मुळे घाण शोषतील. तिसऱ्यात पाणी निवळेल आणि मग नदीत जाईल. त्यांनी तालुक्याच्या इंजिनिअरला आणून जागाही दाखवली होती.

यासाठी समाजमंदिरात सभा झाली. मी सभेत सहसा बोलत नाही. पण त्या दिवशी उठलो आणि म्हणालो, "गावानं घाण करावी अन् आमी तिले सांभाळून ठेवावी? आमचा मोहल्ला का गावाचा संडास हाये?" आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकून मला उलट घाबरायला झाले. अक्का मात्र रागावल्या नाहीत. वरच्या वार्डातल्या शेतकऱ्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "तुळशीरामभाऊ बरोबर बोलले. धानाला तलावाचं पाणी पाहिजे असतं तेव्हा तुम्ही पाळी लावता ना? ज्याची पाळी तो फावडं घेऊन बांधावर उभा राहतो. मग पाण्याची पाळी घेता येते तर घाणीची का नाही?"

कोणीतरी मागून म्हणाले, "अक्का, पाणी लागते म्हणून पाळी घेतो जी. घाण कोनाले लागते?"

"कोणाला लागत नाही, म्हणूनच पाळी," अक्का म्हणाल्या.

ठरले ते असे. तळी आमची, पण गाळ उपसण्याचे, कर्दळ छाटण्याचे काम वरच्या गल्ल्यांनी पाळीपाळीने करायचे. आमच्या मोहल्ल्याने फावड्याला हात लावायचा नाही. अक्कांनी एक नवे फावडे आणले. ज्या गल्लीची पाळी, त्या गल्लीच्या तोंडच्या घरी ते टांगून ठेवायचे. आजही तसेच चालते. दारावर फावडे दिसले की गल्लीतली माणसे एकमेकांना विचारतात, "का गा, या रविवारी येऊन राह्यला का पाहुण्याकडं जाऊन राह्यला?" आणि ज्याचा पाहुणा फावडे आल्यावरच आजारी पडतो, त्याची गावभर चेष्टा होते.

पण फावड्याआधी संडासच्या टाक्यांचा प्रश्न होता. दुसऱ्याच्या घरात तुमची टाकी कुठे सुटते, हे विचारायचे कसे? अक्कांनी सुरुवात स्वतःपासून केली. त्यांच्या टाकीचे पाणीही नालीतच जात होते. त्यांनी रफीक मिस्त्रींना बोलावले आणि रस्त्याच्या बाजूने, सर्वांसमोर, नळी उकरायला लावली.

रफीक मिस्त्री म्हणाले, "अक्का, सबके सामने काहे को खोदना? पीछे से कर देता मैं. कोणाले समजणार नाई."

"समोरूनच खोद, रफीक. शेजाऱ्यांना दिसलं पाहिजे की मीही तेच करत होते."

मुख्याध्यापिकेच्या घरासमोर तो खड्डा दोन दिवस उघडा होता. शाळेत जाणारी मुले थांबून पाहत. मग शेजारच्यांनी मिस्त्रींना हळूच विचारले, त्यांच्या शेजारच्यांनीही विचारले, आणि गल्लीभर शोषखड्डे झाले. विहिरीजवळ खड्डा नको म्हणून अक्का स्वतः उभ्या राहून जागा दाखवत. सगळे झाले असे मी म्हणणार नाही. काही घरांच्या टाक्यांची तोंडे अजूनही नालीतच आहेत आणि ती कोणाची आहेत हे अक्कांना माहीत आहे. समोर भेटले की त्या नमस्काराऐवजी "खड्डा?" एवढेच विचारतात.

तळी सुरू झाली तेव्हा माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बांध फुटला तर, घाण मोहल्ल्यात शिरली तर, डास झाले तर, असे शंभर प्रश्न घेऊन मी अक्कांच्या दारात जाई. एक दिवस त्या चहा ठेवत म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही काळजी करणारच आहात. मग ती कामाला लावू. रोज सकाळी तळ्यांवर जा आणि जे जे बिघडेल असं वाटतं ते मला येऊन सांगा." तेव्हापासून तो माझा नेम आहे. बांधाला खेकड्याने पाडलेले बीळ, कर्दळीत अडकलेले प्लॅस्टिक, सारे मलाच आधी दिसते. घरचे लोक ज्या स्वभावाला आयुष्यभर कंटाळले, त्या स्वभावाला अक्कांनी काम दिले. हा त्यांचा मोठेपणा मी विसरू शकत नाही.

आता एक प्रसंग सांगतो. तो सांगू की नको हे मी कौसल्येला विचारले. "सांगा. साऱ्या गावाले माहीतच हाये," ती म्हणाली.

तिसऱ्या तळ्याचे पाणी निवळले. तळ दिसू लागला. आम्ही ढिवर माणसे. पाणी चांगले दिसले की त्यात काही सोडल्याशिवाय आमचा हात राहत नाही. कौसल्येने कोणाला न सांगता ओंजळभर रोहूची बोटुकली त्यात सोडली. जगतात का पाहू, एवढाच तिचा हेतू. ती जगली. नुसती जगली नाहीत, नदीच्या मासोळीपेक्षा लवकर फुगली. मी रोज तळ्यावर जात होतो, पण माझे लक्ष बांधाकडे. पाण्यात काय हलते ते कौसल्येचा भाऊ मारोती याने पाहिले. त्याने एका रविवारी सकाळीच जाळे टाकले आणि आपल्या नदीच्या मासोळ्यांबरोबर त्याही बाजारात विकल्या.

बातमी संध्याकाळपर्यंत गावात पसरली. कोणी आजारी पडले नाही, हे नशीब. पण पुढच्या रविवारी आमच्या ओळीत कोणी फिरकले नाही. नदीच्या मासोळ्याही टोपल्यात तशाच राहिल्या. मोहल्ल्यातल्या बायका भरली टोपली डोक्यावर घेऊन परत आल्या. इतकी वर्षे ज्या नावाला मी भीत होतो, ते आमच्याच हाताने आम्हाला लागले. सोसायटी बुडणार, मोहल्ला कामासाठी बल्लारपूरला जाणार, हे मला डोळ्यांसमोर दिसू लागले.

अक्का आल्या. कौसल्या त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी राहिली. "पाणी उगाच रिकामं दिसे, अक्का. राहवलं नाई मले."

अक्का आधी हसल्या. मग खूप रागावल्या, तेलुगूत रागावल्या, त्यामुळे आम्हाला फक्त सूर समजला. शेवटी मराठीत म्हणाल्या, "चूक माझीही आहे. ढिवराच्या बाईला रिकामं पाणी पाहवत नाही, हे मला आधी कळायला पाहिजे होतं." तळ्यातल्या उरलेल्या मासोळ्या त्यांनी समोर उभ्या राहून काढायला लावल्या आणि खड्डा करून पुरल्या. मारोतीने एकेक मासोळी खड्ड्यात टाकताना असे तोंड केले होते की जणू घरचे कोणी गेले.

पुढच्या रविवारी अक्का बाजारात आल्या आणि कौसल्येशेजारी, मासोळीच्या ओळीत, पोत्यावर बसल्या. मी म्हणालो, "अक्का, तुमी इथी बसू नोका जी. लोक काय म्हनतीन? अन् त्या तळ्याचं नाव त काढूच नोका."

"नाव त्यांना माहीत आहे, भाऊ. आपण सांगितलं तर आपलं ऐकतील तरी."

पहिला सापडला तो त्यांचा जुना विद्यार्थी. मुलींच्या शाळेत चौथीपर्यंत मुलगेही असत. आता तो कचेरीत बाबू आहे. अक्कांना पाहून तो वळू लागला, पण उशीर झाला होता.

"अक्का, तुमी इथी?"

"इथेच. ये. मासोळी घे."

"नाई जी, आज माझा गुरुवार असते."

"आज रविवार आहे रे. वार मीच शिकवले तुला."

ओळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अक्कांनी त्याला सगळे सांगितले. तळ्यात मासोळी सोडली होती, ती विकली गेली, चूक झाली, उरलेली पुरली. "ही नदीची आहे, नाल्याच्या वरच्या अंगाची. मासोळी उतरवताना मी सकाळी डोंग्यापाशी उभी होते." "आणि माझ्यावर विश्वास ठेवू नको," त्या म्हणाल्या. "कल्ला उघड. वास घे. आला तर ठेवून दे."

त्याने साऱ्यांदेखत वास घेतला. पुन्हा घेतला. मग पिशवी उघडली.

दुसरे गिऱ्हाईक रफीक मिस्त्री. त्यांनी वास घेतला, मासोळी घेतली आणि म्हणाले, "अक्का, अब घर जाके बेगमको बोलतो, बडी मॅडमनं इम्तिहान लेके मासोळी देली." त्या दिवशी टोपली रिकामी झाली नाही. पण भरलेलीही परत गेली नाही. अक्का रविवारमागून रविवार येऊन बसत राहिल्या. गुडघे दुखत, तर पोत्याऐवजी पाटावर बसल्या. हळूहळू लोक परतले. आता आमच्याकडचे गिऱ्हाईक कल्ला उघडून वास घेतल्याशिवाय मासोळी घेत नाही. आधी आमच्या बायकांना तो अपमान वाटे. आता टोपले उतरवले की त्याच पहिला कल्ला उघडून समोर धरतात.

पावसाळ्यात नदी चढली की तिन्ही तळी बुडतात आणि पूर ओसरल्यावर बरेच काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. अक्का त्याला कंटाळत नाहीत. "धानाचा बांधही दरवर्षी लिंपावाच लागतो," म्हणतात. त्यांचा स्वभाव हट्टी आहे, सभेत त्या दुसऱ्याला पुरते बोलू देत नाहीत, हेही मी लिहिले नाही तर लेख खोटा होईल. पण कौसल्येला ताप आला तेव्हा दवाखान्यात तिच्याजवळ बसून, आणि बाहेर मला गप्प बसवून, त्यांनी दोघांनाही सांभाळले होते.

गेल्या हिवाळ्यात पद्माताईंचा मुलगा अक्कांकडे आला. दरवर्षीसारखे समुद्राचे झिंगे आणले. त्यांचा वास मी घेतला. पूर्वीपेक्षा पुष्कळ बरा होता. तो परत निघाला तेव्हा कौसल्येने घाटावर वाळवलेल्या नदीच्या मासोळ्यांची पुडी त्याच्या हातात दिली. आजवर तिकडून इकडे यायचे, आता इकडून काही जावे, असे तिला वाटले. मला मात्र घोर लागला. बाजारातले लोक एक वेळ अक्कांची भीड धरतील. पद्माताई का धरतील? त्यांच्या नाकाला जर तो वास आला, तर आमचे इतक्या वर्षांचे सारे वाया.

आठवड्याने अक्कांनी आम्हा दोघांना घरी बोलावले आणि बहिणीला फोन लावला. तिकडून पद्माताई बराच वेळ बोलत होत्या. तेलुगू असल्याने आम्ही अक्कांच्या चेहऱ्याकडे पाहत बसलो. शेवटी अक्कांनी फोन बाजूला धरला.

"ती म्हणते, वास येतो."

कौसल्येने माझ्याकडे पाहिले.

"चिखलाचा," अक्का म्हणाल्या. "नदीच्या चिखलाचा. नालीचा नाही. आणि मीठ कमी पडलं म्हणते."

"मिठाचं मी पाहून घेईन," कौसल्या म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

समितीने पंच्याहत्तरीला अक्कांसाठी शाल घ्यायची ठरवली आहे. अक्कांनी निरोप पाठवला की समारंभाच्या आठवड्यात फावडे त्यांच्या गल्लीत आहे, आणि त्यांचे गुडघे आता गाळात उतरू देत नाहीत, तर शालीऐवजी कोणीतरी त्यांची पाळी करावी. आमच्या मोहल्ल्याने त्या फावड्याला हात लावायचा नाही, असे अक्कांनीच ठरवले होते. तो नियम आम्ही त्या एका रविवारी मोडणार आहोत. मारोतीने तर आत्तापासून सांगून ठेवले आहे की पहिल्या तळ्यात तोच उतरणार. अक्कांनी काठावर खुर्ची टाकून बसावे आणि नेहमीसारखे ओरडावे, एवढीच विनंती.

आमचे मागणे फार नाही. अक्कांच्या गुडघ्यांना आराम पडो, डोळे आणि आवाज असेच राहोत. पुढची पुष्कळ वर्षे दर रविवारी त्यांनी आमच्या ओळीत यावे, टोपल्यातला रोहू उचलावा, कल्ला उघडून नाकाजवळ न्यावा. आणि ज्या दिवशी वास येईल त्या दिवशी, चार लोक ऐकत असले तरी, मोठ्याने सांगून मासोळी परत ठेवावी.